छतावरची वीज आणि बिलावरचे आकार

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचा निर्णय कुटुंब घेते, परंतु त्या निर्णयाचा हिशेब ज्या आकड्यांवर उभा असतो त्यांतील फार थोडे आकडे कुटुंबाच्या हाती असतात. पॅनेलची बाजारातील किंमत आयात शुल्कावर आणि वस्तू व सेवा करावर अवलंबून असते, पहिल्या दिवशी खिशातून जाणारी रक्कम केंद्र सरकारच्या अनुदानामुळे कमी होते, आणि त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे ती वीज घराचे किती पैसे वाचवणार, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशांवरून ठरत जाते. या तिन्हींपैकी चर्चा होते ती बहुतेक अनुदानाची, कारण तो आकडा सोपा, ठळक आणि एकदाच सांगून संपणारा असतो. बिलावरचे आकार मात्र दरमहा येतात, दरवर्षी थोडे बदलतात आणि ज्या कागदपत्रांत ते ठरतात ती कागदपत्रे फारसे कोणी उघडत नाही. छतावरील सौरऊर्जेचे भवितव्य अनुदानाच्या रकमेपेक्षा या आकारांच्या नियमांत आणि त्या नियमांच्या स्थैर्यात अधिक प्रमाणात सामावलेले आहे, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असून त्यासाठी नाशिक शहर आणि जिल्हा हे उदाहरण समोर ठेवले आहे.

अनुदानाचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. २०१५ साली केंद्र सरकारने २०२२ पर्यंत देशात १ लाख मेगावॉट सौर क्षमता उभारण्याचे लक्ष्य ठरवले आणि त्यातील ४० हजार मेगावॉट क्षमता छतांवर असावी असे योजले. जमिनीवरील मोठे प्रकल्प वेगाने उभे राहिले, कारण त्यांच्यामागे मोठे भांडवल, दीर्घ मुदतीचे खरेदी करार आणि निविदांची पद्धत होती. छतांचे लक्ष्य मात्र फार मागे राहिले, कारण तेथे लाखो वेगवेगळ्या घरमालकांनी लाखो वेगवेगळे निर्णय घ्यायचे होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे १० किलोवॉटपर्यंत २० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ जाहीर झाली, त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आणि १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवण्यात आली.

या योजनेचे गणित सरळ आहे. पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रति किलोवॉट ५० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी ४५ हजार रुपये अशी मानक किंमत, म्हणजे शासनाने हिशेबासाठी गृहीत धरलेली किंमत, मानून तिच्या अनुक्रमे ६० आणि ४० टक्के रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात. त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी अनुदान वाढत नाही. १ किलोवॉटचा संच सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा घेतो आणि वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. नाशिकमध्ये ही सरासरी वर्षभर सारखी राहत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळे उत्पादन चांगलेच उतरते आणि मार्च ते मे या काळात ते सर्वाधिक असते, याचा संबंध पुढे हिशेबाच्या वर्षाशी येणार आहे.

अनुदानाला जोडलेली एक अट सामान्य ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. अनुदान हवे असेल तर पॅनेल भारतात तयार झालेले असावे लागते, आणि त्या पॅनेलमधील सौर घट, म्हणजे सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी सिलिकॉनची पातळ चकती, हीसुद्धा भारतातच बनलेली असावी लागते. असे पॅनेल आयात घटांच्या पॅनेलपेक्षा महाग पडते. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के आणि घटांवर २५ टक्के मूलभूत सीमाशुल्क लावण्यात आले होते, तेही याच धोरणाचे अंग होते. देशी उद्योग उभा राहावा हा हेतू योग्यच आहे आणि एकाच देशाच्या पुरवठ्यावर सारी ऊर्जा अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. परंतु त्याचा अर्थ असाही होतो की, ७८ हजारांतील काही हिस्सा घरमालकाच्या नावाने निघून प्रत्यक्षात कारखानदारीच्या उभारणीला लागतो, आणि अनुदानाचे मोजमाप करताना हा हिस्सा प्रामाणिकपणे वेगळा दाखवला गेला पाहिजे. कराच्या बाबतीत अलीकडे दिलासा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. संच बसवून देण्याच्या एकत्रित कामात ७० टक्के मूल्य वस्तूंचे आणि ३० टक्के सेवेचे धरले जाते व सेवेवर १८ टक्के कर कायम आहे, त्यामुळे एकूण कराचा भार १३.८ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांपर्यंत खाली आला आहे.

आता बिलाकडे वळावे लागेल. राज्याची वीज वितरण कंपनी असलेल्या महावितरणच्या घरगुती बिलावर अनेक ओळी असतात आणि सौरऊर्जेचा परिणाम प्रत्येक ओळीवर निराळा होतो. वापरलेल्या युनिटांचा मोबदला म्हणजे वीज आकार. ती वीज तारांमधून, उपकेंद्रांमधून आणि रोहित्रांमधून घरापर्यंत आणण्याचा मोबदला म्हणजे वहन आकार, आणि तोही युनिटांवरच मोजला जातो. एकही युनिट वापरले नाही तरी जोडणी आहे म्हणून द्यावा लागणारा स्थिर आकार. इंधनाच्या आणि वीज खरेदीच्या खर्चातील चढउतार भरून काढणारा इंधन समायोजन आकार. आणि या साऱ्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. २०२४-२५ या वर्षात वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० युनिटांना १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढील युनिटांना १७ रुपये ८१ पैसे असा दर होता. सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये होता. त्याच्या आदल्या वर्षी तो ११६ होता.

दरांच्या या पायऱ्यांमध्येच छतावरील विजेचे अर्थशास्त्र दडलेले आहे. गंगापूर रोड किंवा इंदिरानगर भागातील एखाद्या बंगल्यात महिन्याला ३५० युनिट वीज लागते असे धरले, तर त्या दरांनी वीज व वहन आकार ३,६६६ रुपये, स्थिर आकार मिळवून ३,७९४ रुपये आणि वीज शुल्कासह सुमारे ४,४०० रुपये होतात. इंधन समायोजन येथे सोडून दिले आहे. ३ किलोवॉटच्या संचाने हे सारे युनिट भरून निघाले, तर बिलात केवळ स्थिर आकार व त्यावरील शुल्क मिळून १४८ रुपयांच्या आसपास उरतात, म्हणजे महिन्याला जवळपास ४,२५० रुपये वाचतात. याउलट सिडकोतील, सातपूर-अंबडच्या कामगारांच्या छोट्या घरात महिन्याला ९० युनिट लागत असतील, तर १ किलोवॉटच्या संचाने वाचणारी रक्कम शुल्कासह सुमारे ६१४ रुपये इतकीच असते. मानक किंमत धरून अनुदान वजा केले तर पहिल्या घराला ६७ हजार रुपये आणि दुसऱ्याला २० हजार रुपये घालावे लागतात. पहिल्याचे पैसे दीड वर्षाच्या आत आणि दुसऱ्याचे पावणेतीन वर्षांत वसूल होतात. बाजारात संचाची किंमत मानक किमतीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्ष मुदत दोघांचीही लांबते, पण त्यांच्यातील तफावत तशीच राहते. अधिक वापरणाऱ्या घराला सौरऊर्जेचा अधिक वेगाने लाभ होतो, कारण त्याची वाचलेली युनिटे महाग पायरीवरची असतात.

हे सारे शक्य होते ते नेट मीटरिंगमुळे. घराच्या मीटरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन्ही नोंदली जातात. दुपारी घरात माणसे नसताना पॅनेलची वीज वितरण जाळ्यात जाते, रात्री तेवढीच वीज जाळ्यातून परत घेतली जाते, आणि बिल केवळ फरकाचे येते. महिन्याअखेर शिल्लक राहिलेली युनिटे पुढील महिन्यात ओढली जातात, मात्र ही सोय ३१ मार्चला संपते आणि तेव्हा उरलेल्या युनिटांचा मोबदला आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो, जो किरकोळ दरापेक्षा कितीतरी कमी असतो. हिशेबाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते ही गोष्ट नाशिकच्या ग्राहकाला अनुकूल आहे, कारण एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमलेली शिल्लक पावसाळ्याच्या ढगाळ महिन्यांत कामी येते. जानेवारी ते मार्चमधील शिल्लक मात्र कवडीमोलाने जाते. गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचे स्वप्न यामुळेच फसवे ठरते. आणखी एक बाब संच विकणारे सहसा सांगत नाहीत. जाळ्याला जोडलेला साधा संच वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो, कारण तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला छतावरून आलेल्या विजेने धोका होऊ नये, अशी ती सुरक्षेची योजना आहे. भारनियमनात दिवा लागावा म्हणून बॅटरी घ्यावी लागते, आणि बॅटरीला हे अनुदान नाही.

येथे वितरण कंपनीची बाजू पूर्ण गांभीर्याने ऐकून घेतली पाहिजे. बंगल्याचे बिल १४८ रुपयांवर आले म्हणजे त्या घराचा जाळ्यावरील भार नाहीसा झाला असे होत नाही. सायंकाळी सहानंतर त्या घरातील प्रत्येक युनिट नाशिकजवळील एकलहऱ्याच्या ६३० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारख्या केंद्रांतून येते, त्यासाठी कोळसा जाळावा लागतो, संच तयार ठेवावे लागतात, रोहित्रे आणि तारा सांभाळाव्या लागतात, आणि वादळात पडलेला खांब रात्रीतून उभा करावा लागतो. हा खर्च बहुतांशी स्थिर स्वरूपाचा आहे, पण त्याची वसुली मुख्यतः युनिटांवर, म्हणजे वीज आकार आणि वहन आकार यांच्या मार्गाने केली जाते. वीज घेणारा ग्राहक युनिटे घेईनासा झाला की खर्च तसाच राहतो आणि वसुली कमी होते. दुपारी जाळ्यात येणारे युनिट आणि रात्री परत दिले जाणारे युनिट यांची खरेदी किंमतही आता सारखी राहिलेली नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीच्या वाहिन्यांसाठी १६ हजार मेगावॉटचे सौर प्रकल्प उभे राहत असून त्यांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. दिवसा वीज स्वस्त आणि मुबलक, सायंकाळी महाग आणि कमी, ही राज्याची नवी वस्तुस्थिती आहे.

यात दुसरा धागा आहे तो अंतर्गत अनुदानाचा, म्हणजे काही ग्राहकांकडून खर्चापेक्षा जास्त दर घेऊन इतर ग्राहकांना खर्चापेक्षा कमी दराने वीज देण्याच्या पद्धतीचा. नाशिक जिल्ह्यात या व्यवहाराची दोन्ही टोके एकाच महावितरण परिमंडळात भेटतात. कॉलेज रोडवरील घराने तीनशेहून पुढच्या युनिटांना दिलेले पंधरा-सतरा रुपये आणि अंबडच्या उद्योगांनी भरलेला चढा दर यांतून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवरील पंपाला आणि पहिल्या शंभर युनिटांत संसार भागवणाऱ्या घराला स्वस्त वीज मिळते. वरच्या पायऱ्यांवरील ग्राहक छतावरील विजेकडे वळले की अंतर्गत अनुदानाचा हा साठा आटतो आणि उरलेल्यांवरचा भार वाढतो. भार वाढला की आणखी ग्राहक छतांकडे वळतात. हा धोका खरा आहे. मात्र त्याचे खापर सौर ग्राहकावर फोडणे न्याय्य नाही, कारण गरीब घराला आणि शेतकऱ्याला स्वस्त वीज देणे हे समाजाने स्वीकारलेले कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य शेजाऱ्याच्या वीजबिलातून न दिसेल अशा रीतीने पार पाडण्याऐवजी राज्याच्या अंदाजपत्रकातून उघडपणे पार पाडले असते, तर घराच्या छतावरील पॅनेल कोणाच्याही हक्काच्या आड आले नसते.

आकारांच्या नियमांचा महाराष्ट्रातील प्रवास या ताणातूनच घडला आहे. आयोगाने २०१५ मध्ये छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले. २०१९ च्या नव्या विनियमांच्या मसुद्यात घरगुती ग्राहकाला दरमहा ३०० युनिटांपर्यंतच नेट मीटरिंग द्यावे आणि त्यापुढे नेट बिलिंग असावे, म्हणजे छतावरील वीज कमी दराने विकत घेऊन घराला लागणारी वीज पूर्ण दराने द्यावी, असा विचार आला; त्याला मोठा विरोध झाला आणि अंतिम विनियमांत ती मर्यादा राहिली नाही. त्या विनियमांनी एक नवी संकल्पना मात्र आणली, ती म्हणजे ग्रिड सपोर्ट आकार, अर्थात जाळ्याचा साठवणीसारखा उपयोग करण्याबद्दलचा आकार. १० किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्या ग्राहकाला त्यातून सूट देण्यात आली, आणि राज्यातील छतांवरील क्षमता २ हजार मेगावॉट होईपर्यंत तो कोणालाच लावू नये असे मार्च २०२० च्या दरआदेशात ठरले. ती क्षमता राज्याने आता ओलांडली आहे, त्यामुळे लहान घराला असलेली सूट हीच काय ती भिंत उरली आहे, आणि भिंत नियमाची असेल तर ती नियमाने हलवताही येते.

२०२५ मधील घडामोडींनी हे स्पष्ट केले. पुढील पाच वर्षांच्या दरांसाठी महावितरणने आयोगापुढे ठेवलेल्या प्रस्तावात सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे सौर तास मानावेत आणि छतावर त्या तासांत झालेली वीज त्याच तासांतील वापराशी जुळवावी, अशी मांडणी होती. वेळेनुसार दर, ज्याला टीओडी म्हटले जाते, ही कल्पना तत्त्वतः वाईट नाही. केंद्र सरकारच्या २०२३ मधील नियमदुरुस्तीनेही सौर तासांत वीज स्वस्त असावी असे सांगितले आहे. प्रश्न आहे तो घराच्या हिशेबाचा. वर उल्लेखिलेल्या ३५० युनिटांच्या घरात दिवसा १४० युनिट आणि उरलेल्या वेळात २१० युनिट लागतात असे मानले, तर दिवसाची २२० युनिटे जास्तीची ठरून समजा तीन रुपये दराने गेली आणि रात्रीच्या २१० युनिटांचे बिल पूर्ण दराने आले, तर घराची मासिक बचत ४,२५० रुपयांवरून सुमारे २,७५० रुपयांवर येते. म्हणजे एका नियमाने बचतीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग जातो. दोन वर्षांत हा फरक ३६ हजार रुपयांचा होतो आणि सुमारे सव्वाचार वर्षांत केंद्राचे पूर्ण ७८ हजारांचे अनुदान त्यात विरघळून जाते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासाठी अनुदान रद्द करावे लागत नाही, हिशेबाची वेळ बदलली तरी पुरते.

आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी दिलेला दरआदेश लगेच स्थगित झाला, २५ जूनला पुनर्विलोकनाचा आदेश आला आणि नवे दर १ जुलैपासून लागू झाले. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटला ८० पैशांपासून सवलत देण्याची पद्धत तेव्हापासून सुरू झाली, आणि दिवसा वीज वापरण्याची सवय दंडाने लावण्यापेक्षा सवलतीने लावण्याचा हा मार्ग निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु तीन महिन्यांत एकाच विषयावर दोन आदेश आणि मध्ये स्थगिती, हा क्रम पाहून गृहकर्जासारखे कर्ज काढून संच बसवणाऱ्या शिक्षकाने किंवा निवृत्त कर्मचाऱ्याने आपला हिशेब कोणत्या आकड्यावर मांडायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

जगात अन्यत्र हा प्रश्न आधीच येऊन गेला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. स्पेनने २०१५ मध्ये स्वतःच्या विजेच्या वापरावर लावलेला आकार लोकांनी ‘सूर्यावरचा कर’ म्हणून धिक्कारला आणि २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०१५ च्या अखेरीस आधीच संच बसवलेल्या ग्राहकांनाही नवे, चढे आकार लावले. तेथील सौर व्यवसाय जवळपास ठप्प झाला आणि २०१७ मध्ये विधिमंडळाला कायदा करून नेट मीटरिंग परत आणावे लागले. कॅलिफोर्नियाने निराळी वाट धरली. तेथे एप्रिल २०२३ पासून जाळ्यात दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीनचतुर्थांशाने कमी झाला, पण तो नव्या ग्राहकांना. ज्यांनी आधी संच बसवले त्यांना जुने नियम ठरलेल्या मुदतीपर्यंत राहिले. नेदरलँड्सने नेट मीटरिंग १ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचे ठरवून तसे आधी जाहीर केले. नियम बदलणे अटळ असू शकते, हे या उदाहरणांवरून मान्य करावे लागते; पण बदल मागील तारखेच्या गुंतवणुकीवर लादणे आणि पुढील ग्राहकाला आधी सांगून करणे यांत न्यायाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

नाशिकसारख्या शहरात आणखी एक अडचण आहे, जी अनुदानाने सुटत नाही. शहर गेल्या काही दशकांत सदनिकांचे झाले आहे. पाच-सात मजली इमारतीची गच्ची वीस-पंचवीस कुटुंबांची सामाईक असते, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, सौर बंब आणि मोबाईलचे मनोरे आधीच बसलेले असतात, आणि गच्चीचा हक्क अनेक संस्थांत अभिहस्तांतरणाअभावी, म्हणजे मालकी संस्थेच्या नावावर न झाल्यामुळे, विकासकाच्या नावावरच राहिलेला असतो. केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थेला उद्वाहन, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांसारख्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये मिळतात, हे चांगले आहे. पण सदनिकेतील कुटुंबाच्या स्वतःच्या बिलाला त्याचा स्पर्श होत नाही. त्यावर उपाय आहे तो आभासी नेट मीटरिंगचा, म्हणजे एका ठिकाणी उभ्या केलेल्या संचाची वीज ठरलेल्या वाट्याने अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा करण्याचा. दिल्लीने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली आणि केंद्राच्या योजनेतही अशा संचाला वाव आहे. पंचवटी-जुने नाशिकमधील वाड्यांची कौलारू आणि पत्र्याची छपरे पॅनेलचे ओझे पेलूच शकत नाहीत; तेथील रहिवाशांनाही याच मार्गाने सूर्याच्या विजेत वाटा मिळू शकतो. ही व्यवस्था सोपी, ऑनलाइन आणि विनाहेलपाटा झाल्याशिवाय नाशिकमधील मोठा समाज या योजनेचा केवळ प्रेक्षक राहणार आहे.

कमी उत्पन्नाच्या घराकडे राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट लक्ष दिले. ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ अर्थात स्मार्ट योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या आर्थिक दुर्बल घटकांतील ५ लाख ग्राहकांना १ किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींतील ग्राहकाला १५ हजार आणि इतरांना १० हजार, त्यामुळे ५० हजारांच्या संचासाठी त्यांना अनुक्रमे अडीच, पाच आणि दहा हजार रुपयेच भरावे लागतात. वर सांगितलेल्या तफावतीवर हा योग्य आणि नेमका उपाय आहे, कारण स्वस्त पायरीवरील घराची बचत लहान असते म्हणूनच त्याच्या सुरुवातीच्या खर्चात अधिक वाटा उचलणे न्याय्य ठरते. यात महावितरणचाही लाभ आहे. ज्या युनिटांवर कंपनीला तोटा सोसावा लागतो ती युनिटे घर स्वतःच तयार करू लागते. परंतु ९० युनिटांच्या या घराचे बिल शून्य होत नाही. स्थिर आकार १२८ रुपये असताना तो त्याच्या जुन्या ७६० रुपयांच्या बिलाचा, शुल्क धरून, जवळपास पाचवा भाग होता, तर ४,४०० रुपयांच्या बिलाचा तो तिसाव्या भागाच्या आसपास होता. जाळ्याचा खर्च वसूल करण्यासाठी स्थिर आकार सर्वांना सरसकट वाढवण्याचा सोपा मार्ग निवडला गेला, तर त्याचा सर्वांत जड फटका याच घराला बसेल. स्थिर आकार वाढवायचाच असेल, तर तो मंजूर भाराच्या आणि संचाच्या क्षमतेच्या प्रमाणात वाढावा, आणि १ किलोवॉटच्या घराला त्यातून दूर ठेवावे.

जोडणीच्या प्रक्रियेतील सुधारणाही नोंदवायला हवी. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून १० किलोवॉटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मंजुरी मिळालेली मानावी असे ठरवले, आणि ५ किलोवॉटपर्यंत रोहित्र वा तारा बळकट कराव्या लागल्यास त्याचा खर्च कंपनीने करावा असे सांगितले. पूर्वी महिनोन्महिने अडकणारे अर्ज त्यामुळे मोकळे होण्यास मदत झाली.

उरतो तो मुदतीचा प्रश्न. ग्राहक आणि वितरण कंपनी यांच्यातील नेट मीटरिंगचा करार वीस वर्षांचा असतो, पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरले जाते, पण करारातील हिशेब आयोगाच्या विनियमांच्या आणि दरआदेशांच्या अधीन असतो, आणि दरआदेश पाच वर्षांच्या नियंत्रण कालावधीसाठी निघतात. सध्याचा कालावधी २०२९-३० मध्ये संपेल. म्हणजे आज संच बसवणाऱ्या नाशिककराच्या कराराच्या मुदतीत दर ठरवण्याच्या अशा किमान तीन-चार फेऱ्या होतील. जमिनीवरील मोठ्या सौर प्रकल्पाला पंचवीस वर्षांचा ठरलेला दर मिळतो आणि बँका त्या कराराच्या बळावर कर्ज देतात. छतावर संच बसवणाऱ्या घराला मात्र तशी शाश्वती नाही, ही विषमता दूर करणे आयोगाच्या अधिकारात आहे. जोडणीच्या दिवशी लागू असलेली हिशेबाची पद्धत, निदान १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला, कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी कायम राहील, आणि नवी पद्धत जाहीर झाल्यापासून ठरावीक काळानंतर बसलेल्या संचांनाच लागू होईल, असे एक कलम विनियमांत घालता येते. दरवाढीचे प्रस्ताव वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करून त्यांवर ग्राहकांच्या हरकती मागवण्याची आणि जाहीर सुनावणी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. नाशिकमधील ग्राहक संघटनांनी, गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनी आणि उद्योजकांच्या संस्थांनी पुढील सुनावणीत हरकत नोंदवताना एकूण दरवाढीबरोबर या कलमाची मागणी स्वतंत्र मुद्दा म्हणून, आपापल्या भागातील प्रत्यक्ष बिलांच्या हिशेबासह, लेखी दाखल करावी.